अभ्यासिकेतला मेंदू : झोप, चहा, मोबाइल आणि परीक्षेची भीती यांचं रसायन कसं सांभाळायचं

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागात रात्री दोन वाजताही अभ्यासिकांचे दिवे चालू असतात. राज्यसेवा, संयुक्त, सरळसेवा, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली गावाकडून येऊन कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेचं भाडं भरून राहतात, मेसचं जेवतात आणि दिवसाचे दहा-बारा तास एका कप्प्यात बसून काढतात. त्यांच्याशी बोललं की त्याच तक्रारी कानावर येतात. वाचलेलं राहत नाही. सकाळी उठवत नाही. मोबाइल सुटत नाही. पेपर हातात आला की डोकं ब्लँक होतं. आणि मग हळूच, खाली बघत, "माझ्यातच जिद्द कमी आहे."

मला हे शेवटचं वाक्य मान्य नाही. जिद्द नसलेलं माणूस घर सोडून दोन-तीन वर्षं असं राहूच शकत नाही. या तक्रारींतला मोठा भाग मेंदूतल्या रसायनांच्या वेळापत्रकाशी जोडलेला आहे, आणि ते वेळापत्रक बिघडवणाऱ्या गोष्टी रोजच्या दिनक्रमात उघड दिसतात. त्या कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने दुरुस्त करायच्या, ते इथे सांगतो. दहावी-बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू

"डोपामाइन म्हणजे आनंद, सेरोटोनिन म्हणजे समाधान, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम, एंडॉर्फिन म्हणजे वेदनाशामक" असा तक्ता तुमच्या व्हॉट्सअॅपवर कधी ना कधी आलाच असेल. लक्षात ठेवायला तो सोपा आहे, पण त्याने दिशाभूल होते. एकच रेणू मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी कामं करतो. डोपामाइन कमी झालं की पार्किन्सनच्या रुग्णाचे हात थरथरतात आणि हालचाल मंदावते. मेंदूत डोपामाइन स्वतंत्रपणे काम करतं हे दाखवणारे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांचे १९५०च्या दशकातले प्रयोग हालचालींशीच संबंधित होते. त्या कामासाठी त्यांना २०००चं नोबेल मिळालं. सेरोटोनिनचं म्हणाल तर शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून केळं खाल्लं की मन प्रसन्न होतं, या म्हणण्यात तथ्य नाही. केळं जरूर खा, भूक भागते.

म्हणून "डोपामाइन कसं वाढवू?" असं विचारून हाती फार काही लागत नाही. दिवसाच्या कोणत्या वेळी कोणती यंत्रणा काम करत असते आणि आपण तिच्या आड कधी येतो, हे विचारलं तर बरंच लागतं.

एवढं मात्र ध्यानात असू द्या. न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे एका मज्जापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी रसायनं, बहुतेक वेळा क्षणार्धात काम करतात. हार्मोन म्हणजे संप्रेरकं रक्तातून प्रवास करतात. त्यांना चढायला काही मिनिटं लागतात आणि उतरायला त्याहून जास्त वेळ. परीक्षेच्या भीतीबद्दल बोलताना या फरकाचा उपयोग होणार आहे.

पायरी पहिली : उठण्याची वेळ आणि सकाळचा उजेड

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. पहिला आठवडा फक्त हे एकच करा : रोज ठरावीक वेळी उठायचं, रविवारीही, आणि उठल्यावर तासाभराच्या आत वीस-तीस मिनिटं उघड्यावर घालवायची.

डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तो चालवतो. ते घड्याळ रोज थोडं सरकतं आणि त्याला जागेवर आणायचं काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात यासाठी वेगळ्या पेशी असतात. त्या चित्र पाहण्यासाठी नसून उजेड किती आहे हे मोजण्यासाठी असतात. २००२ मध्ये त्यांची नीट ओळख पटली. लक्स हे उजेड मोजायचं एकक. ट्यूबलाइटखाली त्यांना मिळतो काहीशे लक्स एवढाच उजेड. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी काही हजार लक्स मिळतात, स्वच्छ उन्हात तर पन्नास हजारांच्या वर. आपल्या डोळ्यांना खोली आणि अंगण यांत एवढा फरक जाणवत नाही, कारण डोळे चटकन जुळवून घेतात. घड्याळाला मात्र तो फरक कळतो. तळघरातल्या अभ्यासिकेत सकाळी सहाला जाऊन बसणाऱ्या मुलाच्या मेंदूपर्यंत दिवस उजाडल्याचा निरोप नीट पोहोचतच नाही.

पहाटेपासून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळीही वाढणारं संप्रेरक, चढत असतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याची आणखी एक उसळी येते, मग ते दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतं. लोक कॉर्टिसॉलला सरसकट वाईट समजतात. सकाळची ही उसळी नसेल तर अंगात उभं राहण्याचं बळ येत नाही. रात्री मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन सुटतं आणि शरीराला रात्र झाल्याचं सांगतं. सकाळी मिळालेला उजेड त्या रात्रीचं मेलाटोनिन वेळेवर आणतो. म्हणजे लवकर झोप यावी म्हणून करायचं काम रात्री नसून सकाळी आहे.

पालकांसाठी एक गोष्ट. पौगंडावस्थेत आणि विशीच्या सुरुवातीपर्यंत मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा तास-दोन तास उशिरा सुटतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला साडेनऊला झोप येत नाही, यात त्याचा आळस नाही. पहाटे चारला उठून केलेला अभ्यास पक्का राहतो असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. नऊला गाढ झोपलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरंही असेल. बाराला झोपलेल्याला चारला उठवणं म्हणजे त्याचा आदल्या दिवसाचा अभ्यास पुसणं. तो कसा पुसला जातो, ते आता पाहू.

पायरी दुसरी : झोप वाचवा, चहाची वेळ बदला

रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त असते, उत्तरार्धात स्वप्नांची. गाढ झोपेत मेंदूतलं अॅसिटिलकोलिन खूप खाली येतं. दिवसा हेच रसायन लक्ष एकाग्र ठेवायला आणि नवी माहिती आत घ्यायला मदत करतं. रात्री ते खाली आल्यावर माहितीचा प्रवाह उलट फिरतो. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग दिवसभरात टिपलेलं पुन्हा पुन्हा उजळवतो आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्कं करू लागतो. स्वप्नांच्या झोपेत अॅसिटिलकोलिन परत चढतं, पण मेंदूला सावध ठेवणारं नॉरअॅड्रेनलिन जवळजवळ बंद असतं. दिवसभरातल्या त्रासदायक आठवणींची धार या काळात बोथट होते असं काही संशोधक मानतात. उशिरा झोपून लवकर उठलं की दोन्ही टोकांना कात्री लागते. दुसऱ्या दिवशी वाचलेलं आठवत नाही आणि छोट्या गोष्टीवरून रडू येतं किंवा रूममेटवर आवाज चढतो.

"मला सहा तास पुरतात" असं म्हणणाऱ्यांसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला २००३चा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. शेवटी त्यांची लक्ष देण्याची आणि विचार करण्याची क्षमता सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी घसरली होती. आपण एवढे घसरलोय हे मात्र त्यांना कळत नव्हतं. झोप येते की नाही असं विचारलं तर उत्तर असायचं, थोडीशी. आपल्याला किती झोप पुरते याबद्दलचा आपला अंदाज म्हणूनच भरवशाचा नाही. मोठ्या माणसांना सात ते नऊ तास लागतात, किशोरवयात आठ ते दहा.

आता चहा. जागं असताना मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं आणि ते जितकं साठेल तितकी झोप दाटते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं कॅफीन अॅडेनोसिनच्या जागा धरून ठेवतं. अॅडेनोसिन कुठे जात नाही, ते उभंच असतं. कॅफीन उतरलं की सगळं एकदम बसतं, म्हणून ती अचानक गळून गेल्यासारखी अवस्था. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा वेळ बराच वाढतो. रात्री आठला टपरीवर घेतलेल्या कडक चहातलं निम्मं कॅफीन मध्यरात्री एकलाही तुमच्यात असतं. झोप लागली तरी ती उथळ लागते. २०१३च्या एका अमेरिकी प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी मोठी मात्रा घेतलेल्यांची झोप एका तासाहून जास्त घटली होती. ती मात्रा, ४०० मिलिग्रॅम, म्हणजे चार मोठे कप कॉफी. आपला कटिंग त्यापुढे फार लहान, पण अभ्यासिकेतले लोक दिवसात किती कटिंग घेतात ते मोजून पाहा.

दुसऱ्या आठवड्याचं काम एवढंच : शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत. मित्रांबरोबर संध्याकाळी टपरीवर जाणं मोडू नका, ते गरजेचं आहे. तिथे लिंबू सरबत घ्या. दुपारी डोळे मिटायला लागले तर वीस मिनिटांची डुलकी घ्या, गजर लावून. तास-दीड तास झोपलात तर अॅडेनोसिन इतकं उतरेल की रात्री बाराला टक्क जागे राहाल.

ऑनलाइन मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्या आणि गमी मनाने सुरू करू नका. ते घड्याळ सरकवणारं हार्मोन आहे आणि चुकीच्या वेळी घेतलं तर उलट्या दिशेने सरकवतं.

पायरी तिसरी : आधी उत्तर, मग पुस्तक

या पायरीवर सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण अभ्यासिकेतला सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन सोडणाऱ्या पेशींचं काम टिपलं. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की त्या पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दिवा लागायला लागला. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच उसळू लागल्या आणि रस मिळाल्यावर शांत राहिल्या. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर नेमक्या रस यायच्या क्षणी त्यांचं काम नेहमीपेक्षा खाली जायचं. १९९७ मध्ये यातून मांडलेला निष्कर्ष आजही शिकण्याच्या विज्ञानाचा पाया आहे. या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मोजतात, आणि त्या अंतरातून मेंदू शिकतो.

आता लक्ष्मीकांत किंवा रंजन कोळंबे यांचं पुस्तक चौथ्यांदा हायलाइट करत वाचणारा विद्यार्थी पाहा. प्रत्येक ओळ ओळखीची आहे. मेंदूने काही अपेक्षाच केली नाही, त्यामुळे चुकायचंही काही नाही आणि अंतरही नाही. पान सरकतं, समाधान वाटतं, शिकणं मात्र फार थोडं होतं. त्याऐवजी हे करून पाहा :

धडा उघडण्याआधी त्यावरचे मागच्या वर्षांचे दहा प्रश्न घ्या आणि येत नसतानाही उत्तरं लिहा. अंदाज चुकला तरी चालेल, पण कोरं सोडायचं नाही. प्रत्येक उत्तरापुढे खात्री लिहा : पक्कं, बहुतेक, अंदाज. मग धडा वाचा. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मगच पडताळा. जे उत्तर "पक्कं" म्हणून लिहिलं होतं आणि चुकलं, त्यावर गोल करा. ठाम खात्रीने केलेली चूक सुधारल्यावर ती दुरुस्ती इतर चुकांपेक्षा जास्त चांगली लक्षात राहते, असं प्रयोगांत दिसलं आहे. अपेक्षा मोठी होती, अंतर मोठं पडलं. त्या गोल केलेल्या प्रश्नांची वेगळी वही म्हणजे तुमच्या तयारीतला सगळ्यात मोलाचा कागद.

२००६ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचत राहणाऱ्याला स्वतःच्या तयारीबद्दल खोटा विश्वास का वाटतो, हे त्या पाच मिनिटांत कळतं.

उजळणीत अंतर ठेवा : दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. थोडं विसरायला लागल्यावर आठवणं कष्टाचं होतं, आणि ते कष्टच कामी येतात. मज्जापेशींमधला जोड बळकट होण्याची क्रिया १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवली. तो जोड टिकाऊ व्हायला पेशींत नवी प्रथिनं बनावी लागतात, आणि ती बनायला काही तास जातात. एका बैठकीत दहा वेळा वाचून ते काम घाईने उरकता येत नाही.

पायरी चौथी : मोबाइलचा दिवा विझवा

शुल्त्झ यांच्या प्रयोगातला दिवा तुमच्या टेबलावर पडलेला आहे. पेशी रसावर नव्हे, दिव्यावर उसळतात. म्हणून रील पाहून मजा येत नसतानाही बोट सरकत राहतं. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांत दाखवलं की डोपामाइन जवळजवळ काढून टाकलं तरी जिभेवर साखर ठेवल्यावर उंदराला ती आवडते, मात्र साखरेपर्यंत जायला तो उठत नाही. ओढ आणि आवड यांची यंत्रणा वेगळी आहे. मोबाइल ओढ वाढवतो, आवड तेवढी वाढत नाही.

एक दिवस मोबाइल बंद ठेवला की डोपामाइन "रीसेट" होतं, या कल्पनेला आधार नाही. डोपामाइन असं भरत-रिकामं होत नाही. उपयोग होतो तो खूण नजरेआड करण्याचा. तीन तासांच्या बैठकीला मोबाइल खोलीवर ठेवा किंवा अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये बंद करा. व्याख्यानं मोबाइलवरच पाहावी लागत असतील तर ती संध्याकाळच्या एका ठरलेल्या वेळेत आटपा आणि टेलिग्रामच्या ग्रुपची नोटिफिकेशन बंद करा. निकाल, कटऑफ, "परीक्षा पुढे ढकलली का" या चर्चांचं तर विशेष. त्यात कधी काय बातमी येईल सांगता येत नाही, आणि बक्षीस कधी येईल हे ठाऊक नसलं की ओढ सगळ्यात जास्त असते.

पायरी पाचवी : चाला

पुण्यात असाल तर पर्वती किंवा तळजाईची टेकडी, गावी असाल तर शिवार. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं पुरेसं आहे. व्यायामाने मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं आणि ते मज्जापेशींच्या जोडांना वाढायला मदत करतं. २०११च्या एका अभ्यासात वयस्कर माणसांना वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालायला लावलं, तेव्हा त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. एरवी त्या वयात तो आकसत जातो. चालणं सकाळी केलं तर पहिल्या पायरीतला उजेडही त्यातच मिळतो.

पायरी सहावी : ताटात काय आहे

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो ऊर्जा खातो वीस टक्के. उपाशी राहून अभ्यास होत नाही आणि नुसत्या पोह्यांवरही फार वेळ टिकत नाही. पोह्यांबरोबर उसळ, शेंगदाणे, दही किंवा अंडं असू द्या.

दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्या. पहिली लोह. डोपामाइन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सतत थकवा, धाप लागणं, लक्ष न लागणं असं असेल तर जिद्दीचा विचार करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, तासाभराचं अंतर ठेवा आणि ताटात लिंबू घ्या. दुसरी बी-१२. ते वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूधदुभत्यातून मिळतं, आणि मेसच्या जेवणात नेमकं तेच कमी असतं. बी-१२ कमी झालं की हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो, मन उदास राहतं.

पायरी सातवी : पाळीचा महिना ओळखा

पाळीच्या आधीच्या आठवड्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही उतरतात. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा एक रेणू मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. त्याच्या चढउताराला काही जणींचा मेंदू फार संवेदनशील असतो, काहींना काहीच जाणवत नाही. दोन-तीन महिने तारखांबरोबर झोप, चिडचिड आणि अभ्यासाचे तास लिहून ठेवा. नमुना दिसला तर त्या दिवसांत नवे विषय न घेता उजळणी घ्या. दर महिन्याला त्या दिवसांत जगणंच नको वाटत असेल, तर तो ओळखता येणारा आणि उपचार असलेला आजार आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना ती वही दाखवा. गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात तशा परीक्षेसाठीही मनाने घेतल्या जातात. मन उदास होणं हा त्यांच्या नोंदलेल्या दुष्परिणामांपैकी एक आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

पायरी आठवी : परीक्षेची भीती, मिनिटामिनिटाने

थोडी धडधड उपयोगाची असते. नॉरअॅड्रेनलिन जरा वाढलं की लक्ष टोकदार होतं, फार वाढलं की विखुरतं. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की सोपं काम ताणाखाली सुधारतं, अवघड काम मात्र ठरावीक मर्यादेपुढे बिघडतं. राज्यसेवेचे प्रश्न अवघड कामातच मोडतात.

अॅड्रेनलिन काही सेकंदांत चढतं, कॉर्टिसॉल मात्र वीस-तीस मिनिटांनी शिखराला पोहोचतं. डॉमिनिक द क्वेरवेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांना शिकवलेली जागा आठवायला लावली. चाचणीच्या दोन मिनिटं आधी ताण दिला तर फरक पडला नाही, चार तास आधी दिला तरीही नाही. अर्धा तास आधी दिला तेव्हा आठवण अडली. पुढे माणसांतही कॉर्टिसोनची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल बनणाऱ्या औषधाची, गोळी दिल्यावर शब्द आठवणं कमी झालं. साठवलेलं पुसलं गेलं नव्हतं, फक्त वर येत नव्हतं. "ब्लँक होणं" म्हणजे हेच, आणि म्हणून पेपरनंतर जिन्यात उत्तर आठवतं.

यावरून परीक्षेच्या सकाळचा क्रम ठरवा. केंद्र आदल्या दिवशी पाहून या. फाटकापाशी ज्या अर्ध्या तासात सगळे एकमेकांना "हे वाचलंस का?" विचारत असतात, त्या अर्ध्या तासात गर्दीपासून दूर राहा. नवं काहीही उघडू नका. पेपर आल्यावर पहिले पाच-सात प्रश्न सोपे निवडून सोडवा. मधेच डोकं थांबलं तर पेन खाली ठेवा, नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा-आठ मोजत सावकाश सोडा, दोन मिनिटं.

लांब उच्छ्वासाने काय होतं, त्यामागे एक सुंदर प्रयोग आहे. ऑस्ट्रियात ग्राझ इथे ऑटो लोवी यांना रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. त्यांनी तो अर्धवट झोपेत कागदावर लिहिला, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तीनला तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस ही नस उत्तेजित केली, हृदय मंदावलं. त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तेही मंदावलं. नसेतून रसायन सुटतं हे असं सिद्ध झालं. प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ चं नोबेल लोवी यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. ते रसायन अॅसिटिलकोलिन. श्वास सोडताना तुमच्या हृदयावर तेच काम करतं.

आणि तिसऱ्या पायरीचं फळ इथे मिळतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचून शिकलेल्यांची आठवण ताणाखाली कोसळली. आठवून आठवून शिकलेल्यांची टिकली. घड्याळ लावून, अनोळखी खोलीत सोडवलेल्या टेस्ट सिरीजइतकं दुसरं औषध नाही.

धडधड थांबवायची गोळी मित्राकडून घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्यांनी दम्याच्या माणसाचा जीव धोक्यात येतो.

माणसं

यावर थोडंच लिहितो, कारण करायचं साधं आहे. झुरिकच्या एका प्रयोगात ताणाच्या प्रसंगी जिवलग मित्र सोबत असलेल्यांचं कॉर्टिसॉल कमी चढलं. रोज एक जेवण कुणाबरोबर तरी बसून करा. घरच्यांनो, फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा नको.

एवढं करूनही उतरत नसेल तर

दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, स्वतःबद्दल तिरस्कार, अशी अवस्था असेल तर दिनक्रमाने भागणार नाही. डॉक्टरांकडे जा. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासायला ते सांगतील. थायरॉइड मंदावल्यावर माणूस हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो, आणि त्याचा उपचार वेगळा असतो. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

नैराश्याच्या औषधांबद्दल मित्र काय काय सांगतील. २०२२ मध्ये एका मोठ्या आढाव्यात म्हटलं गेलं की "नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता" याला ठोस पुरावा नाही. ते वाचून अनेकांनी औषधं निरुपयोगी ठरवली. आढाव्याचा प्रश्न आजाराच्या कारणाचा होता. औषधांचा उपयोग अनेक रुग्णांना होतो, हे वेगळ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. मधेच अचानक बंद केली की चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं असे त्रास होतात.

म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना परीक्षेची तारीख सांगा. औषध कधी सुरू करायचं, मात्रा कधी वाढवायची, सुरुवातीची गुंगी किंवा मळमळ पेपरच्या आठवड्यात येऊ नये म्हणून काय करायचं, हे त्यांना त्या तारखेवरून आखता येतं. सोबत दोन आठवड्यांच्या झोपेची, चहाची आणि मनःस्थितीची वही न्या. दहा मिनिटांच्या भेटीत त्यांना तिचा फार उपयोग होतो.